कंटाळा येतो की कंटाळा करतोस?

बोरिवलीतल्या कुठल्याही इमारतीत मे महिन्याची सुट्टी संपत आली की एक संवाद हमखास ऐकू येतो. मुलगा म्हणतो, "आई, मला अभ्यासाचा कंटाळा येतो." आई म्हणते, "येत नाही, तू कंटाळा करतोस." नाम एकच आहे, क्रियापद तेवढं बदललं आहे आणि भांडणाचा सगळा मुद्दा त्या क्रियापदात आहे. मुलाचं म्हणणं असं, की कंटाळा आपणहून आला, त्यात माझा काय दोष? आईचं म्हणणं असं, की तो तू ओढवून घेतलास, तेव्हा उठ आणि पुस्तक उघड. शेजारच्या खोलीतली आजी यात तिसरं वाक्य घालते, "पोर कंटाळलंय गं, जरा खाली खेळू दे." कंटाळलेला मुलगा आळशी ठरत नाही, तो थकलेला, विटलेला ठरतो. त्याच्यावर रागवायचं नसतं, त्याला मोकळं सोडायचं असतं.

भावनांच्या शब्दांविषयी बोलताना आपण नामांची यादी करतो: राग, लोभ, भीती, दुःख, हेवा, आनंद. ती यादी मोठी आणि सुंदरही आहे. पण मराठीत भावनेचा निम्मा अर्थ नामाला जोडून येणाऱ्या क्रियापदात असतो. भावना आली, वाटली, झाली, लागली, बसली की आपण ती केली, हे सांगितल्याशिवाय मराठी माणसाचं सांगणं पुरं होत नाही. या प्रकरणात नामांपेक्षा त्या क्रियापदांकडेच जास्त पाहू.

आधी एक व्याकरणाची गोष्ट. 'मला राग आला', 'मला चीड आली', 'मला रडू आलं'. या वाक्यांत कर्ता कोण? शाळेत शिकवलेली खूण लावून बघा, क्रियापद कोणाच्या लिंगाप्रमाणे बदलतं ते. राग पुल्लिंगी म्हणून 'आला', चीड स्त्रीलिंगी म्हणून 'आली', रडू नपुंसकलिंगी म्हणून 'आलं'. बोलणारा पुरुष आहे की बाई, याने काही फरक पडत नाही. कर्ता राग आहे आणि ज्याला राग आला तो चतुर्थीत, 'मला' होऊन उभा आहे. 'मला तू आवडतेस' हे वाक्यही तसंच. क्रियापद 'तू'च्या मागे जातं. प्रेमात पडलेला माणूस वाक्यात आहे, पण वाक्य चालवते ती समोरची व्यक्ती. प्रेमात पडलेल्या कुणालाही हे पटेल.

ही रीत एकट्या मराठीची नाही. मुलुंडच्या तमिळ शेजाऱ्याला राग आला की त्याच्या भाषेतही कोप 'वरुदु', म्हणजे येतो, आणि तो कोणाला येतो ते चतुर्थीतच सांगितलं जातं. कन्नडमध्येही सिट्टु 'बरुत्तदे'. हिंदीत गुस्सा 'आता है', गुजरातीत 'आवे छे'. आर्य आणि द्राविड अशी वेगळी कुळं असलेल्या भाषा हजारो वर्षं शेजारी राहिल्या आणि भावना सांगण्याची एकच चौकट त्यांनी आपली केली. अशा समान गोष्टींमुळेच भारताला भाषाशास्त्रज्ञ एक 'भाषिक क्षेत्र' मानतात. मरे एमेनो यांचा त्या नावाचा प्रसिद्ध लेख १९५६ सालचा आहे. इंग्रजीतही शेक्सपिअरच्या काळापर्यंत 'मीथिंक्स' म्हणजे 'मला वाटतं' असा प्रयोग होता. पुढे तो मागे पडला आणि इंग्रजीतला माणूस आपल्या भावनेचा कर्ता झाला.

मराठीत माणूस कर्ता होतच नाही असं मात्र नाही. रागावणे, चिडणे, घाबरणे, लाजणे, रुसणे, सुखावणे ही क्रियापदं थेट माणसाची आहेत. गंमत अशी, की दोन्ही सोयी असल्या तरी त्यांचे अर्थ एक राहिलेले नाहीत. संध्याकाळी अंधेरीच्या पुलावर गर्दीत कोणी पायावर पाय दिला, तर आपण चिडतो. पुनर्विकासाला दिलेल्या इमारतीचं भाडं बिल्डरने वर्षभर थकवलं आणि म्हातारी माणसं एका घरातून दुसऱ्या घरात हलत राहिली, तर ते पाहून आपल्याला चीड येते. चिडणं आपल्या तब्येतीचं असतं, चीड येते ती अन्यायाची. 'मी अन्यायावर चिडलो' असं म्हटलं तर मराठी कानाला काहीतरी कमी पडल्यासारखं वाटतं. तसंच ती लाजली आणि तिला लाज वाटली, या दोन वाक्यांत दोन वेगळ्या गोष्टी घडलेल्या असतात. पहिल्या वाक्यात कोणीतरी कौतुक केलं असावं, दुसऱ्यात काहीतरी चुकलं असावं.

'काळजी' या एका नामाबरोबर किती क्रियापदं जातात पाहा. मुलगी रात्रीच्या विरार गाडीने येणार आहे, गाड्या उशिरा धावताहेत, आईला काळजी वाटते. अकरा वाजून गेले, फोन लागत नाही, आता काळजी लागते, तिचा घोर होतो. मुलीचा फोन येतो, "आत्ता कुठे मालाड गेलं, तू काळजी करू नकोस." 'वाटू नकोस' असं ती म्हणू शकत नाही, कारण वाटणं कोणाच्या हातात नसतं. करणं हातात असतं, म्हणून नको म्हणता येतं. आणि फोन ठेवताना आई म्हणते, "काळजी घे." या चौथ्या काळजीत भीतीचा अंशही उरलेला नाही, नुसती माया आणि सावधपणा आहे. वाटणे, लागणे, करणे, घेणे या चार क्रियापदांनी एक शब्द दादरपासून बोरिवलीपर्यंतच्या प्रवासात चार ठिकाणी नेऊन पोचवला.

रागाचं तर सगळं चरित्रच क्रियापदांनी सांगता येतं. राग येतो, चढतो, अनावर होतो. कोणी तो गिळतो, कोणी मनात धरतो, कोणी साहेबाचा राग घरी येऊन बायकोवर काढतो. चांगल्या घरात तो निवळतो. पाहुण्यांना आपण म्हणतो, "राग मानू नका हं," कारण राग येणं त्यांच्या हातात नसलं तरी मानणं त्यांच्या हातात आहे, हा विश्वास त्या विनंतीत आहे. यात एक जागा रुसण्यालाही द्यायला हवी. रागावता कोणावरही येतं, अनोळखी रिक्षावाल्यावरही. रुसायला मात्र आपलं माणूस लागतं, समजूत काढायला येईल अशी खात्री असलेलं. समजूत काढणारं कोणी नसेल तर रुसवा टिकत नाही. नवरा-बायको, भावंडं, मैत्रिणी, मानपानावरून अडलेला जावई, सगळे रुसतात ते या खात्रीवर. ज्या नात्यात रुसणं बंद झालं, तिथे बरंच काही बंद झालेलं असतं.

आता 'बसणे'. भीती वाटते, पण धसका बसतो, धाक बसतो, दहशत बसते, धक्का बसतो. वाटलेलं निघून जातं, बसलेलं मुक्काम करतं. उपनगरातल्या माणसाला हा फरक २६ जुलै २००५ नंतर वेगळा समजावून सांगावा लागत नाही. त्या दिवसाच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेने ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. कुलाब्याला त्याच वेळात जेमतेम त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर मिलिमीटर झाला होता. म्हणजे जे संकट आलं ते मुख्यतः उपनगरांवर आलं. मिठी नदी पात्र सोडून बाहेर आली, साकीनाक्याला दरड कोसळून माणसं गाडली गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, अंधेरी-कुर्ल्याचे लोक गळ्याएवढ्या पाण्यातून चालत घरी निघाले. त्या रात्री सगळ्यांना भीती वाटली. सकाळी घरी पोचलेल्यांचा जीव भांड्यात पडला, भीती ओसरली. पण ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं त्यांना पावसाचा धसका बसला तो आजतागायत. जुलैत सलग दोन तास पाऊस कोसळला की तळमजल्यावरची माणसं कागदपत्रांची पिशवी माळ्यावर टाकतात. पाणी येईल असं त्यांना तर्काने वाटत असतं असं नाही. 'धसका' हा शब्द 'भीती'च्या समोर समानार्थी म्हणून छापला जातो तेव्हा मला ते अपुरं वाटतं. त्याच्याबरोबर 'बसतो' छापलं तरच अर्थ पोचेल.

'लागणे' हे क्रियापदही असंच चिकट. तहान, भूक, ठेच, आग लागते, तशीच ओढ लागते, लळा लागतो, ध्यास लागतो, वेड लागतं, हुरहुर लागते. लागलेल्या गोष्टीला काहीतरी हवं असतं, पाणी, अन्न, माणूस किंवा परतीची वाट. ते मिळेपर्यंत ती सुटत नाही. म्हणून प्रमाण मराठीत भीती सहसा 'वाटते', 'लागत' नाही. उपनगरांत मात्र "मला भीती लागते", "मला वाईट लागलं" अशी वाक्यं मराठी मुलांच्या तोंडी ऐकू येतात. हिंदीत 'डर लगता है', गुजरातीत 'बीक लागे छे', आणि मुलं खाली मैदानात या तिन्ही भाषांत खेळतात. मराठीत वाईट लागते ती भाजी, मनाला वाईट वाटतं, एवढा फरक मुलांच्या कानावर घालत राहावं असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी त्यांच्यावर हसू नये. कोकणीत तर भय 'दिसता' आणि वाईटही 'दिसता'. एकाच भीतीला आपण वाटू देतो, हिंदी-गुजरातीतले शेजारी लागू देतात आणि गोव्याकडचे पाहुणे तिला डोळ्यांसमोर उभी करतात.

घाटकोपर आणि मुलुंड इथे मराठी आणि गुजराती घरं एका जिन्यावर राहतात, त्यामुळे शब्दांची खरी परीक्षा तिथे होते. मराठीत राग म्हणजे क्रोध. घाटकोपरच्या जैन देरासरात व्याख्यान ऐकताना मात्र 'राग' आणि 'द्वेष' ही जोडी येते आणि तिथे राग म्हणजे आसक्ती, जीव गुंतणं. 'वीतराग' म्हणजे ज्याची आसक्ती गळाली तो. मराठी कानाला पहिल्यांदा वाटतं, ज्याचा राग गेला तो वीतराग. मूळ संस्कृत धातू रंगण्याचा, तांबडं होण्याचा. प्रेमानेही माणूस रंगतो, संतापानेही लाल होतो. संस्कृतने एक वाट घेतली, मराठीने आणि बंगालीने दुसरी. जुना अर्थ मराठीत 'अनुराग'मध्ये राहिला आहे. तसाच 'त्रास'. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायी भाव, आठ सात्त्विक भाव आणि तेहतीस व्यभिचारी भाव, असे एकोणपन्नास भाव सांगितले आहेत. त्या तेहतिसांत 'त्रास' आहे आणि त्याचा अर्थ आहे अचानक दचकणं, वीज कडाडल्यावर होतं तसं. मराठीत त्रास इतका रोजचा झाला की त्यातली वीज गेली, गुडघ्याचाही त्रास होतो आणि शेजाऱ्यांचाही. याच यादीत 'अवहित्थ' नावाचा एक भाव आहे, म्हणजे मनातलं चेहऱ्यावर दिसू न देणं. लपवणं हाही एक भाव आहे, हे ज्याने ओळखलं त्याची नजर किती बारीक असेल!

'त्रागा' हा शब्द मराठी आणि गुजराती दोन्ही भाषांत आहे आणि त्याचा इतिहास रक्ताचा आहे. सौराष्ट्र-गुजरातेत चारण आणि भाट लोक करारांना जामीन राहत. ज्याने शब्द दिला त्याने तो मोडला, तर चारण स्वतःलाच जखमी करून घेई, कधी जीवही देई, म्हणजे त्या हत्येचं पाप शब्द मोडणाऱ्याच्या माथी जाई. याला त्रागा म्हणत. आज घरात कोणी जेवणाचं ताट सरकवून "मी जेवणारच नाही" म्हणतं, डोकं आपटून घेतं, तेव्हा आपण "त्रागा करू नकोस" म्हणतो. रागाचा बाण स्वतःवर रोखायचा आणि जखम दुसऱ्याला व्हावी अशी इच्छा धरायची, हा मूळ अर्थ अजून त्यात शाबूत आहे. म्हणून राग येतो, पण त्रागा येत नाही. तो करावाच लागतो.

एक क्रियापद तर असं आहे, की त्यात भावनाही कर्ता नाही आणि माणूसही नाही. गिरगाव, परळ, लालबागच्या चाळी सोडून हजारो कुटुंबं बोरिवली, दहिसर, मुलुंडला राहायला आली. जागा मोठी झाली, संडास घरात आला, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं एकच वाक्य होतं: "मला इथे करमत नाही." काय करमत नाही? कर्ता शोधून सापडत नाही. मळमळतं, उजाडतं, सांजावतं यांच्या जातीचं हे क्रियापद, व्याकरणात यांना भावकर्तृक म्हणतात. दार उघडं ठेवून बसण्याची सवय, गॅलरीतून येणाऱ्या हाका, खालचा वाणी, सगळं सुटलं, आणि नेमकं काय सुटलं ते बोट दाखवून सांगता येत नाही, म्हणून कर्त्याची जागाच रिकामी ठेवणारं क्रियापद तोंडी आलं. विदर्भात याच अर्थाने 'गमत नाही' म्हणतात. जिन्यावरच्या गुजराती शेजारणीला 'गमतुं नथी' म्हणजे बहुतेक वेळा 'आवडत नाही'. तिला वाटतं आजींना नवं घर आवडलं नाही. आवडलं होतं, पण करमत नव्हतं.

मराठीचं खास धन मात्र दुमडून आलेल्या शब्दांत आहे. हुरहुर, रुखरुख, चुटपुट, हळहळ, तळमळ, कळकळ, तगमग, घालमेल, धाकधूक, धुसफूस, खदखद. यांतले पुष्कळ शब्द आवाजातून किंवा शरीराच्या हालचालीतून आले आहेत, म्हणून ते समजायच्या आधी जाणवतात. त्यांतलं फक्त राहून गेलेल्याचं दुःख घेऊ. मुलुंडच्या कालिदास नाट्यमंदिरात आवडत्या नाटकाचा शेवटचा प्रयोग होता आणि शेवटचं तिकीट पुढच्या माणसाने नेलं, तर चुटपुट लागते. ती दोन दिवसांत जाते. गावाहून निघताना आत्याच्या घरावरून गेलो आणि गाडी चुकेल म्हणून आत डोकावलो नाही, याची रुखरुख लागते, ती मधूनमधून टोचत राहते. पुढच्या महिन्यात आत्या गेली, तर रुखरुखीची खंत होते, आणि खंत उरते. बाजूच्या इमारतीतला तरुण मुलगा रूळ ओलांडताना गेला, आपलं त्याच्याशी नातं नाही, चूकही नाही, तरी सगळा मजला हळहळतो. आणि पश्चात्ताप व्हायला मात्र आपल्या हातून काहीतरी वाईट घडलेलं असावं लागतं. आत्याला न भेटल्याचा पश्चात्ताप होतो असं कोणी म्हणालं, तर ऐकणारा विचारील, "का रे, भांडण झालं होतं का?" खेद आणि दिलगिरी हे शब्द या घरगुती मंडळीत बसत नाहीत. 'दिलगीर' हा फारसी शब्द, मूळ अर्थ खिन्न, उदास. आज तो पत्रांत आणि रेल्वेच्या घोषणांत राहतो. गाडी उशिरा आल्याबद्दल रेल्वे दिलगीर असते. आपल्या माणसाला मात्र आपण "वाईट वाटलं रे" म्हणतो.

एवढे बारीक भेद कशाला हवेत, याला आता प्रयोगशाळेतलंही उत्तर आहे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले मॅथ्यू लिबरमन यांनी सहकाऱ्यांसह २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. रागीट किंवा घाबरलेले चेहरे दाखवून, त्या भावनेला नेमका शब्द द्यायला सांगितलं, तेव्हा मेंदूतल्या अमिग्डाला या धोक्याची सूचना देणाऱ्या भागाची धावपळ कमी झालेली दिसली. मानसोपचारात याचा उपयोग आधीपासून होत होता. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ पद्धतीचा पायाच असा, की त्रासदायक भावनांतही निरोगी आणि विघातक असा फरक असतो. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी ही पद्धत मराठी वाचकांपर्यंत आणली. एलिस जो फरक करतात तो मराठीत सांगायला नवी परिभाषा घडवावी लागत नाही: काळजी आणि चिंता, दुःख आणि नैराश्य, नाराजी आणि संताप, खंत आणि अपराधीपणा. काळजी वाटणारा मुलगा अभ्यासाला बसतो, चिंतेने पोखरलेला नुसता वेळापत्रक बघत बसतो. हा भेद आपल्या आज्यांना पाठ होता. त्या म्हणत, काळजी असावी, चिंता नसावी.

आता इंग्रजी शब्दांचं काय? 'टेन्शन' आलं तेव्हा पुष्कळांना वाटलं, मराठी शब्द गेले. पण त्या शब्दाला मराठीत राहायचं तर क्रियापद मराठीच घ्यावं लागलं. टेन्शन येतं, वाढतं, जातं. "टेन्शन घेऊ नको" म्हणजे काळजी करू नको. "तो फार टेन्शन देतो" म्हणजे दोष त्याचा. येणे, घेणे, देणे या जुन्या वाटांनीच ते फिरतं, म्हणून मला त्याची धास्ती वाटत नाही. 'बोअर होतंय'ही कंटाळ्याच्या शेजारी नांदेल. मला खरी काळजी वाटते ती 'फील'ची. "मला खूप फील झालं" यात दुखावलं, गहिवरलं, अपमान वाटला, हेवा वाटला, लाज वाटली, सगळं एकाच पिशवीत. ऐकणाऱ्याला कळत नाही की धीर द्यायचा, माफी मागायची की नुसतं जवळ बसायचं. अशा वेळी वडीलधाऱ्याने भाषेवरून टोकू नये. "फील झालं म्हणजे राग आला, की वाईट वाटलं?" एवढं विचारावं. मूल थांबतं, विचार करतं, आणि बहुतेक वेळा उत्तर देतं, कारण शब्द त्याच्याकडे असतात, ते कोणी मागितलेले नसतात.

दुसरा बदल यापेक्षा हळू आणि खोल चालला आहे. "मी नर्व्हस आहे", "मी खूप हॅपी आहे", "मी डिप्रेस्ड आहे". मराठीत 'मी सुखी आहे' हे वाक्य होतं, पण ते एका संध्याकाळचं नव्हतं, ते आयुष्याविषयी होतं. सून चांगली मिळाली, पेन्शन आहे, गुडघे चालतात, मी सुखी आहे. क्षणाची भावना 'आहे'ने सांगत नसत, ती 'मला' धरून येई आणि जाई: मला आनंद झाला, मला उदास वाटतंय. 'मी डिप्रेस्ड आहे' म्हणणारी अठरा वर्षांची मुलगी स्वतःची ओळख सांगते. 'मला महिनाभर उदास वाटतंय' म्हणणारी काय झालं आणि केव्हापासून, ते सांगते. उदासी आजाराइतकी वाढली असेल, तर दोघींनाही डॉक्टरकडे जायला हवं, त्यात वाक्यरचनेने फरक पडत नाही. पण दुसऱ्या वाक्याला लगेच पुढचे प्रश्न विचारता येतात. केव्हापासून वाटतंय? सकाळी जास्त वाटतं की रात्री? भूक लागते का, झोप येते का, मैत्रिणींत करमतं का? मुलुंडच्या पुढच्याच स्टेशनावर, ठाण्यात, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये सुरू केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेत किंवा उपनगरातल्या कुठल्याही मराठी समुपदेशकाच्या खोलीत बोलणं सुरू होतं ते अशाच साध्या प्रश्नांनी, आणि प्रत्येक प्रश्नात एकेक क्रियापद मुलीच्या उत्तराची वाट पाहत असतं: वाटतं, लागतं, येतं, करमतं.